महाराजांची ड्यूसेनबर्ग, आमची मारुती आणि एका लिटरचा हिशोब

रविवारी पोह्यांवर शेव पडायच्या आत नातवाने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर एक लांबलचक मोटार होती. रंग नारिंगी आणि काळा, बॉनेटच्या कुशीतून चार चकचकीत नळ्या बाहेर आलेल्या, मागे निमुळती होत गेलेली पाठ.

"आजोबा, ही आपल्या होळकर महाराजांची गाडी. तुमच्या मारुतीपेक्षा किती पट भारी असेल?"

प्रश्नात खवचटपणा होता. आमची मारुती ८०० घेतली १९९३ साली. इंदूरच्या रामबागेतल्या घराच्या फाटकाआड ती अजून उभी आहे आणि घरातल्या कुणालाही तिच्यावर विनोद करायची मुभा आहे. पण मी तीस वर्षं पॉलिटेक्निकात पोरांना इंजिनं शिकवली. "किती पट" असं कुणी विचारलं की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. पेपरच्या कोऱ्या कडेला दोन भागाकार केले, आणि उत्तर बघून पोरगं चाट पडलं. त्याला जे समजावलं तेच इथे जरा सावकाश लिहितो.

आधी दोघींची ओळख करून देतो. ड्यूसेनबर्ग ही अमेरिकेतल्या इंडियानापोलिस गावची कंपनी, जर्मनीतून आलेल्या दोन भावांनी काढलेली. त्यांचं 'जे' मॉडेल १९२८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला लोकांसमोर आलं. १९३२ मध्ये त्याची जास्त ताकदीची बहीण 'एसजे' आली. कंपनी १९३७ मध्ये बंद पडली, आणि तोवर या घराण्याच्या पाचशेच्या आतच गाड्या झाल्या होत्या. त्यातली एक एसजे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी घेतली, १९३५-३६ च्या सुमाराला. हे तेच यशवंतराव, ज्यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग महाल बांधून घेतला. आज त्या महालात केंद्रीय कराचं कार्यालय आहे, आणि तिथे जाणाऱ्या बहुतेकांचं लक्ष फायलीकडे असतं, भिंतींकडे नाही.

मारुतीची कुंडली सगळ्यांना पाठ आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली मालकाच्या हातात दिली. मूळ आराखडा सुझुकीच्या छोट्या गाडीचा, १९८६ मध्ये अंगकाठी बदलली, आणि २०१४ च्या जानेवारीत शेवटची गाडी बाहेर पडली. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून जास्त झाल्या. एका बाजूला पाचशेच्या आत, दुसरीकडे पंचवीस लाख. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता भागाकार. ड्यूसेनबर्गचं इंजिन ६.९ लिटरचं. लिटर म्हणजे इथे पेट्रोलची टाकी नव्हे. इंजिनातले दट्टे खालीवर होताना सगळे मिळून जितकी जागा मोकळी करतात, तितकं ते माप. आठ नळकांडी, प्रत्येकी जवळजवळ पाऊण लिटरपेक्षाही मोठं. मारुतीचं अख्खं इंजिन ७९६ सीसी, म्हणजे लिटरला दोनशे कमी. थोडक्यात, महाराजांच्या गाडीचं एक नळकांडं काढलं तर ते आमच्या पूर्ण इंजिनाएवढं भरतं. एसजेची ताकद कंपनी सांगे ३२० अश्वशक्ती. मारुतीची ३९ च्या आसपास.

म्हणजे आठ पट. नातू खूश झाला. मी म्हटलं, थांब. आता दर लिटरला किती ते काढ. ३२० भागिले ६.९ बरोबर साधारण ४६. आणि ३९ भागिले ०.७९६ बरोबर ४९.

एका लिटरमागे आमची मारुती महाराजांच्या ड्यूसेनबर्गहून पुढे! शिवाय ड्यूसेनबर्गच्या इंजिनाला जादा हवा कोंबणारं यंत्र लावलेलं होतं आणि मारुती बिचारी आपल्या नाकाने श्वास घेते. ते यंत्र नसलेल्या साध्या 'जे'चा आकडा होता २६५, म्हणजे लिटरमागे ३८.

इथे एक तळटीप वर्गातही देत असे. त्या काळचे अमेरिकन आकडे ढोबळ असत. इंजिन टेबलावर सुटं ठेवायचं, त्याच्यावरचे पंखा वगैरे भार काढायचे आणि मग मोजायचं. पगाराच्या पावतीवरचा वरचा आकडा आणि हातात पडणारा आकडा यात जो फरक असतो, तोच. तेव्हा ड्यूसेनबर्गची खरी रक्कम आणखी कमीच असणार.

मग हे झालं कसं? अमेरिकेतले ते भाऊ काही कच्चे नव्हते. उलट, आमच्या मारुतीत जे कधी आलं नाही ते त्यांनी १९२८ मध्येच केलं होतं.

उदाहरण झडपांचं घ्या. नळकांड्यात हवा-पेट्रोल आत यायला एक झडप आणि धूर बाहेर जायला एक, एवढं किमान लागतं. मारुतीत तेवढंच आहे, तीन नळकांडी, सहा झडपा. ड्यूसेनबर्गमध्ये प्रत्येकी चार, एकूण बत्तीस. चार कशाला? जेवणाचं गोल ताट घ्या. त्यात एकमेकींवर न चढवता दोन सारख्या पुऱ्या ठेवायच्या आहेत. जास्तीत जास्त मोठ्या लाटल्या तरी निम्मंच ताट झाकलं जातं. आता चार पुऱ्या ठेवा. त्या लहान असतील, पण चौघी मिळून सुमारे ६९ टक्के ताट झाकतात. नळकांड्याचं डोकं म्हणजे ते ताट. चार झडपांना दार मोठं मिळतं, आणि इंजिन म्हणजे शेवटी हवेचा पंपच. जितकी हवा आत, तितकं पेट्रोल जळणार. या बत्तीस झडपा उघडमीट करायला वर दोन कॅमशाफ्ट होते, साखळीने फिरणारे. मारुतीत वर एकच, आणि तो दातेरी रबरी पट्ट्याने फिरतो. त्या पट्ट्याचा मला वैयक्तिक राग आहे. "अजून वर्षभर काही होत नाही, बाऊजी" असं सांगणाऱ्या मेकॅनिकवर विसंबून मी देवास रोडवर भर दुपारी दोन तास सावली शोधत उभा राहिलो होतो.

तर श्वासोच्छ्वासात ड्यूसेनबर्ग पुढे. हवा कोंबण्यातही पुढे. सुपरचार्जर म्हणजे एक पंखा. तो इंजिनाच्याच दांड्याने (दट्टे ज्याला फिरवतात तो, क्रँकशाफ्ट) गिअरांमार्फत, दांड्याच्या कितीतरी पट वेगाने फिरतो आणि हवा-पेट्रोल दाबून आत ढकलतो. लोहार भाता मारतो तेव्हा कोळसा तोच असतो, फक्त हवा जास्त. तसंच हे. फोटोतल्या त्या चार नळ्या धुराच्या वाटा आहेत. एसजेची तीच ओळख झाली, मग ज्यांच्या गाडीत सुपरचार्जर नव्हता असे मालकही हौसेने नळ्या लावून घेऊ लागले. हौसेला मोल नाही, हे अमेरिकेतही खरं.

मग मारुतीने बाजी मारली कशात? दोन गोष्टींत, आणि त्यातली मोठी म्हणजे दाब.

इंजिन पेट्रोल जाळण्याआधी त्याची वाफ आणि हवा यांचं मिश्रण दाबून घेतं. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला तर जोर जाणवतो आणि पंप गरम होतो. मिश्रण जितकं जास्त आवळून पेटवाल, तितका तेवढ्याच पेट्रोलमधून दट्ट्याला जोरात धक्का बसतो. ड्यूसेनबर्ग 'जे' मिश्रण आवळायची साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंत. मारुती आठव्या-नवव्या हिश्श्यापर्यंत आवळते. ड्यूसेनबर्गवाल्यांना हे कळत नव्हतं असं नाही. त्यांचा हात पेट्रोलने धरला होता. तेव्हाचं पेट्रोल फार आवळलं की ठिणगीने लावलेली आग पोचायची वाट न बघता, उरलेलं मिश्रण आपोआपच भडकायचं. इंजिनातून ठोके ऐकू येतात, त्याला नॉकिंग म्हणतात, आणि असे ठोके फार काळ पडले तर दट्ट्याला भोकसुद्धा पडतं. पेट्रोल किती आवळलं जाईपर्यंत शहाण्यासारखं वागतं, याचं माप म्हणजे ऑक्टेन. पुढच्या पन्नास वर्षांत तेलशुद्धीच्या कारखान्यांनी ते वाढवत नेलं. काही काळ शिसं मिसळून काम भागवलं, आणि त्याची किंमत पोरांच्या मेंदूंनी मोजली. भारतात सगळीकडे बिनशिशाचं पेट्रोल यायला २००० साल उजाडलं. आमच्या ८०० ने आपली पहिली काही वर्षं शिसं ओकतच इंदूरच्या रस्त्यांवर काढली, हेही तिच्या हिशोबात मांडायला हवं.

त्यात सुपरचार्जरची गोम अशी की तो आधीच हवा दाबून पाठवतो. वर इंजिनाने पुन्हा फार आवळलं तर ठोके ठरलेलेच. म्हणजे कोंबायचं असेल तर आवळायचं बेताने. एका हाताने मिळालेलं दुसऱ्या हाताने थोडं परत करावं लागतं.

दुसरी गोष्ट फिरण्याची. इंजिन मिनिटाला जितके फेरे घेईल तितके स्फोट जास्त, तितकी ताकद जास्त. मारुती आपली पूर्ण ताकद साडेपाच हजार फेऱ्यांना देते, 'जे' सव्वाचार हजारांना. ड्यूसेनबर्गचे दट्टे मोठे आणि त्यांची धाव लांब, तब्बल १२० मिलिमीटर. मारुतीची ७२. लांब ढांगा टाकणारा माणूस कमी पावलांतही वेगात चालतो, तसे ड्यूसेनबर्गचे दट्टे सव्वाचार हजार फेऱ्यांतही मारुतीच्या दट्ट्यांपेक्षा जास्त वेगाने धावत. हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा दोनदा तपासलं होतं. १९२८ च्या धातूत हे साधणं सोपं नव्हतं. ते इंजिन आळशी नव्हतं, त्याच्या काळातल्या लोखंडाने आणि तेलाने जेवढं झेपलं तेवढं ते पळालं.

आता या सगळ्यातला माझा लाडका भाग. पेट्रोल इंजिनात प्रत्येक नळकांड्यात दांड्याच्या दोन फेऱ्यांमागे एकदाच स्फोट होतो. दोन फेऱ्या म्हणजे ७२० अंश. आठ नळकांडी असतील तर दर ९० अंशांनी कुणीतरी धक्का देतं, आधीच्या धक्क्याचा जोर ओसरायच्या आत पुढचा येतो. तीन नळकांडी असतील तर दर २४० अंशांनी. मध्ये थोडं रिकामंच जातं. म्हणून पलासियाच्या सिग्नलला उभी असताना आमची मारुती थरथरते, आरशात मागच्या रिक्षाचे दोन चेहरे दिसतात. शिवाय तिच्या तीन दट्ट्यांतला पहिला वर असताना शेवटचा दुसऱ्याच टप्प्यात असतो, त्यामुळे इंजिन पाळण्यासारखं पुढेमागे डोलायला बघतं. खालचे रबरी माउंटिंग जुने झाले की हे डोलणं थेट स्टिअरिंगपर्यंत पोचतं.

मग आठ नळकांडी एका ओळीत असणं म्हणजे सुखच की. पण तिथे वेगळं दुखणं. आठ जण ओळीत म्हणजे मधला दांडा लांबलचक. धुतलेली चादर दोघं दोन टोकांना धरून पिळतात ना? लहान रुमाल तसा पिळून बघा, फारसा वळत नाही. चादर वळते. पोलादाचा दांडाही लांब झाला की प्रत्येक स्फोटाला किंचित पिळला जातो आणि उलटा सुटतो. हा पीळ आणि स्फोटांचा ताल एका ठेक्यात आले की थरथर वाढत जाते आणि दांडा तुटूही शकतो. ड्यूसेनबर्गने यावर जो उपाय केला तो ऐकून वर्गातलं मागचं बाकसुद्धा जागं व्हायचं. त्यांनी दांड्यावर पारा भरलेले दोन बंद डबे बसवले. दांडा पिळायला लागला की आतला जड पारा लगेच सोबत येत नाही, मागे राहतो, डब्यात घुसळतो आणि ती घुसळण पिळाचा जोर खाऊन टाकते. मारुतीचा दांडा आखूड आणि म्हणून ताठ. तिला पारा नको, तिला फक्त सिग्नल लवकर सुटायला हवा.

अंगकाठीबद्दल. ड्यूसेनबर्गच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधल्या अंतरात आमची अख्खी मारुती बंपरसकट मावेल. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत साडेतीन मीटरांहून जास्त, आणि मारुती नाकापासून शेपटीपर्यंत ३.३ मीटर. पण लांबीपेक्षा मोठा फरक बनवण्याच्या रीतीत आहे. ड्यूसेनबर्ग कंपनी बहुतेक वेळा फक्त सांगाडा विकायची. शिडीसारखी पोलादी चौकट, इंजिन, चाकं, पुढचं नाक. अंगरखा तुम्ही तुमच्या शिंप्याकडून शिवून घ्यायचा. यशवंतरावांचा शिंपी लंडनचा होता, गर्नी नटिंग नावाची बॉडी बांधणारी पेढी. सुरुवातीला नुसता सांगाडाच साडेआठ हजार डॉलरांना होता, त्या काळात फोर्डची साधी गाडी पाचशे-सहाशे डॉलरांत मिळे.

मारुतीला सांगाडा नाहीच. आहे तो नुसता पत्र्याचा डबा. लोक याला हसायचे, "पत्रा आहे हो नुसता" म्हणायचे. सराफ्यातून मिठाई आणता तेव्हा खोका आधी सपाट पुठ्ठा असतो, हातात घेतला तर लचकतो. घड्या घालून झाकण बंद केलं की त्यात किलोभर मावाबाटी नेता येते. पुठ्ठा तोच. ताकद घड्यांत आली. मारुतीचा तळ, खांब, छत आणि दारांच्या चौकटी मिळून असाच एक बंद खोका होतो आणि सगळा भार तोच वाहतो. म्हणून गाडी साडेसहाशे किलोंच्या आसपास बसते. ड्यूसेनबर्ग दोन टनांच्या वर. मात्र पत्र्याला अशा घड्या घालायला प्रचंड दाबयंत्रं आणि प्रत्येक आकारासाठी वेगळा साचा लागतो. पाचशे गाड्यांसाठी ते साचे केले तर दिवाळं निघेल. पंचवीस लाखांसाठी केले तर एका गाडीमागे साच्याचा खर्च चहा-कचोरीत जातो. मघाचा आकडा यासाठी लक्षात ठेवायला सांगितला होता.

ओढणारी चाकं कुठली, यावरून मेकॅनिकचं बिल बदलतं. ड्यूसेनबर्गचं इंजिन गाडीच्या लांबीला उभं, जोर मागच्या चाकांना, मध्ये लांब दांडा. मारुतीचं इंजिन आडवं, जोर पुढच्याच चाकांना. मधला दांडा गेल्याने आतला तळ मोकळा झाला आणि एवढ्याशा गाडीत पाच जण बसू लागले. तोटा एवढाच की तीच चाकं वळतात आणि तीच ओढतात, त्यामुळे त्यांच्या सांध्यावर ताण. त्या सांध्याला ग्रीस भरलेला रबरी बूट असतो. तो फाटला, धूळ गेली, की वळताना कट्-कट् आवाज. मारुती पाळलेल्या प्रत्येकाला तो आवाज आणि त्यामागून येणारा खर्च माहीत आहे.

ब्रेकचं थोडक्यात. तेलाच्या दाबावर चालणारे चारी चाकांचे ब्रेक ड्यूसेनबर्गने १९२१ मध्येच आपल्या रस्त्यावरच्या गाडीला दिले, आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या ग्रां प्रीमध्ये तसेच ब्रेक असलेली त्यांची शर्यतीची गाडी पहिली आली. आमच्या ८०० चे ब्रेक मुळात त्याच तत्त्वावर चालतात. पायाखाली अरुंद नळी, चाकापाशी रुंद, मधे तेल.

एवढं ऐकून नातवाने खरा मुद्दा काढला. "मग शर्यत लावली तर कोण जिंकेल?"

ड्यूसेनबर्ग. यात शंकाच नको. लिटरमागे कुणी कितीही कमवो, तिच्याकडे लिटर सात आहेत. वजन धरूनही हिशोब केला तर मारुतीच्या वाट्याला टनामागे साठ अश्वशक्ती येते, ड्यूसेनबर्गच्या वाट्याला शंभराच्या खूप वर. तिचा वेगमापक ताशी १५० मैलांपर्यंत छापलेला होता. शेजारी स्टॉपवॉच आणि गाडी किती उंचीवर आहे ते सांगणारं घड्याळही. माणिकबागेत उभी असती तर काटा अठराशे फुटांच्या आसपास थांबला असता, कारण इंदूर समुद्रापासून साधारण साडेपाचशे मीटर वर आहे. आणि तेवढ्या उंचीवर हवा विरळ होऊन साध्या इंजिनाची पाच-सहा टक्के ताकद जाते. सुपरचार्जर ही खोट भरून काढतो. मारुतीला ती मुकाट सोसावी लागते.

आमच्या गाडीला उंचीचं घड्याळ नाही, पण गरज कधी पडली नाही. नाशिकहून परतताना खलघाटला नर्मदा ओलांडली की पुढे मानपूरचा घाट लागतो. पाच माणसं, डिकीत द्राक्षांच्या पेट्या, आणि मागाहून बसवून घेतलेला एसी. एसीचा पंपही, सुपरचार्जरसारखाच, इंजिनाच्याच जिवावर फिरतो. एकोणचाळीसांतले चार-पाच तो खातो आणि बदल्यात हवा कोंबत नाही, फक्त गार करतो. पहिल्या मोठ्या वळणावर गाडी तिसऱ्यातून दुसऱ्यात येते, मागून ट्रक भोंगा मारतो, आणि मागच्या सीटवरून हिचा आवाज येतो, "अहो, एसी बंद करा, काचा खाली घेते मी."